सही एकाची, हात दुसऱ्याचा

घरातला गेलेला दिवा बदलायला परवाना लागत नाही. पंखा, फ्यूज किंवा बटण बदलायलाही लागत नाही, फक्त त्या बदलानं वायरिंगची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये. त्यापुढचं काम मात्र, म्हणजे नवा पॉइंट काढणं, एसीसाठी वेगळी लाइन ओढणं, मीटरपासून बोर्डापर्यंतची जुनी वायर बदलणं, कायद्यानं तीन माणसांचं आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदारानं ते घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकानं जागेवर देखरेख करायची आणि परवाना असलेल्या वायरमननं ते करायचं. १९५६च्या भारतीय वीज नियमांतला ४५वा नियम हेच सांगत होता. पुढे २००३चा वीज कायदा आला, २०१० साली केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले, २०२३मध्ये त्यांच्या जागी नवे आले. तीन माणसांची साखळी कायम राहिली.

आता तुमच्या घरी शेवटचं वायरिंग झालं तेव्हा किती माणसं आली होती, ते आठवा. एक आला असेल, आणि भिंतीत झिऱ्या मारायला त्याच्यासोबत एक पोरगा.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असाच एकटा येणारा वायरमन आहे. त्याला अख्खी आळी मामा म्हणते. परवाना नाही. त्याची सख्खी भाची सरकारी आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा ट्रेड करून आता अप्रेंटिस आहे आणि सुटीच्या दिवशी मामाच्या हाताखाली येते. दोघांची नावं मी देत नाही. परवाना नसलेल्या माणसाचं नाव छापून विद्युत निरीक्षकांचं काम सोपं करण्याची मला काही घाई नाही. पुढचं बोलणं आळीतल्या एका जुन्या घराचं काम चालू असताना, ओट्यावर चहा पिता पिता, वेगवेगळ्या संध्याकाळी झालेलं. सलग मी लावलं आहे.

मामा : आधी मला एक सांग. मी वायरिंग केलेलं एक तरी घर जळालं का या गावात? शॉक लागून कुणी गेलं?

भाची : नाही गेलं. पण तुम्ही केलेल्या घरांत अर्थिंग किती ओहमचं आहे, ते सांगा.

मामा : ओहम कशाला पाहिजे? सिरीजचा दिवा लावतो. एक टोक फेजला, एक अर्थला. दिवा भक्कन पेटला की अर्थिंग चांगलं. मंद पेटला की खड्ड्यात पाणी ओत, मीठ-कोळसा घाल.

भाची : मामा, शंभर वॅटचा दिवा किती करंट ओढतो? अर्धा अँपिअरसुद्धा नाही. त्या दिव्याचाच अडथळा पाचशे ओहमच्या वर. त्यात तुमच्या अर्थिंगचे वीस ओहम मिळवले तर दिव्याला काय कळणार? तो भक्कनच पेटणार. आता समजा, उद्या फ्रिजच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली. वीस ओहमच्या अर्थिंगमधून जाऊन जाऊन दहा-अकरा अँपिअर जातील. बोर्डात एमसीबी कितीचा लावलाय तुम्ही?

मामा : सोळाचा.

भाची : मग तो पडणारच नाही. फ्रिज चालू राहणार आणि त्याच्या दाराला दोनशे व्होल्ट उभे राहणार. वर तुमचा दिवा सांगतोय, अर्थिंग चांगलं आहे.

मामा : एवढं काही होत नाही गं. लोक चप्पल घालून असतात.

भाची : आजी स्वयंपाकघरात चप्पल घालते?

यावर मामानं कप खाली ठेवला आणि विडी शिलगावली. खरं तर घरातल्या विजेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे आणि तो एकट्या मामाचा नाही. एमसीबी बसवला की आपण सुरक्षित झालो, असं शिकलेली माणसंही धरून चालतात. एमसीबी असतो वायर वाचवायला. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर प्रवाह गेला तर विचार करायला लागतो. माणसाचं हृदय बिघडायला त्याच्या काहीशे पटींनी कमी प्रवाह पुरतो, म्हणजे दोन आकडी मिलिअँपिअर. माणसासाठी असते ती आरसीसीबी. घरगुती कामात ती तीस मिलिअँपिअरची लावतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा नाही, कुठंतरी गळतोय, एवढं दिसलं की ती लाइन तोडते. मामानं आजवर आरसीसीबी बसवली ती फक्त गिऱ्हाइकानं स्वतः मागितली तेव्हा. ‘ती सारखी पडते, मग लोक मला शिव्या घालतात,’ हे त्याचं कारण. भाचीचं म्हणणं, ती पडते म्हणजे घरात गळती आहे, ती शोधा. मामाचं म्हणणं, गळती शोधायच्या दिवसाची मजुरी कोण देणार?

पण मामाला अडाणी समजून पुढं जाऊ नका. त्याच घरात पडवीची भिंत मातीची होती. भाचीनं वहीत कन्सील्ड वायरिंगचा नकाशा काढला होता, चांगला, मोजमापासकट.

मामा : या भिंतीत पाइप घालणार तू?

भाची : हो. दिसायलाही बरं.

मामा : आषाढात ये आणि या भिंतीला हात लाव. घाम फुटतो तिला. वर माळवद आहे, त्यात उंदीर. पाइपाच्या जोडातून पाणी शिरणार, वायर कुठं कुरतडली ते बाहेरून दिसणार नाही. इथं वरून पट्टी मारायची. दिसायला वंगाळ, पण काय झालं तर झाकण काढलं की डोळ्यापुढं. तुझ्या त्या इन्सुलेशन मोजायच्या मेगरनं चैत्रात आकडा चांगलाच येईल. मेगरला आषाढ माहीत नाही.

भाची : हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आम्ही प्लायवूडच्या बोर्डावर वायरिंग करायचो.

मामा : म्हणून म्हणतो, कागद काय करायचा? हात बघा, काम बघा.

भाची : तुमचं काम बघायला तीस वर्षं गाव आहे, मामा. मला कोण ओळखतं? परवा तुम्ही नव्हता आणि मी एकटी त्या दवाखान्यात बोर्ड बदलायला गेले, तर डॉक्टरीणबाई माझ्या मागं बघत होत्या. म्हणाल्या, वायरमन कुठंय? तुम्हाला कुणी विचारत नाही, येतं का म्हणून. मला विचारतात. तिथं मी काय दाखवू? माझा हात?

मला वाटतं, वादाची खरी गाठ इथं आहे. परवाना मामासारख्याला नको असतो, कारण त्याची खात्री देणारं गाव असतं. वाईट काम केलं तर त्याच चावडीवर बसायचं असतं. ही जुनी आणि बरीच कडक व्यवस्था आहे. पण ती वेशीपाशी संपते. पुण्यातल्या सोसायटीत नवव्या मजल्यावर, फोनवरून बोलावलेला, पुन्हा कधी न दिसणारा माणूस तुमच्या भिंतीत अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीऐवजी दीडची घालून गेला, तर कुठली चावडी? तिथं कागदच लागतो. आणि जी मुलगी या धंद्यात नवी, जिच्या मागं ना आडनाव ना आळी, तिला तर गावातही लागतो.

अर्थात तो कागद खरा असेल तर. मामाकडे याचं उत्तर तयार होतं, आणि ते ऐकून भाचीचा चेहरा उतरला.

मामा : नवा मीटर घ्यायला काय लागतं?

भाची : अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. वायरिंग तपासलं, इन्सुलेशन इतकं, अर्थ इतकं, त्याखाली त्याची सही-शिक्का.

मामा : मी तो फोनवर मागवतो. पैसे पोचवले की कागद येतो. मेगओहम भरलेले, ओहम भरलेले. या ओट्यावर तो माणूस आयुष्यात चढलेला नाही. आपल्याकडं औषधाच्या दुकानात भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं लटकतं आणि गोळ्या दुसराच देतो, तसं.

भाची : म्हणजे तुम्ही सही विकत घेता.

मामा : मी घेतो, गिऱ्हाईक घेतं, आणि तो कागद पुढं ज्याच्या टेबलावर जातो त्यालाही ठाऊक असतं. मग परवान्यानं काय राखलं? आणि एक ऐक. स्विचबोर्डात न्यूट्रल आणि अर्थला तुकडा मारून दिलेला मी या डोळ्यांनी बघितलाय. अर्थिंगचा खड्डा खणायचे पैसे वाचवायला. मी कधी केलं नाही ते. ज्यानं केलं होतं त्याच्याकडं परवाना होता.

न्यूट्रल आणि अर्थ बोर्डातच जोडले तर तीन पिनी सॉकेट तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पण खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रलची वायर तुटली की घरातल्या प्रत्येक धातूच्या उपकरणाच्या अंगावर फेज येतो. गीझर, मिक्सर, इस्त्री, सगळं. मामानं हा प्रकार न करण्यामागं एवढा हिशेब मांडला नसेल. ‘ते चुकीचं असतं’ एवढंच त्याला त्याच्या उस्तादानं सांगितलेलं. त्यानं ते पाळलं. परवाना असलेल्यानं पाळलं नाही. भाचीला हे पचवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली.

भाची : तो टेस्ट रिपोर्ट विकणारा, त्याच्या सहीच्या घरात उद्या कुणी गेलं तर पकडता कुणाला येईल?

मामा : त्याला.

भाची : आणि तुम्ही?

मामा : माझं नाव कुठंच नाही.

भाची : तेच म्हणते मी. कागदात तुम्ही नाहीच. काम चांगलं झालं तरी नाही, वाईट झालं तरी नाही. परवाना हुशारीचं बक्षीस नाही, मामा. हे काम कुणी केलं, हे विचारल्यावर कुणीतरी ‘मी’ म्हणायची सोय आहे ती. तुम्ही म्हणता, सही खोटी. मग खऱ्या हाताला परवाना मिळू दे. तुम्ही तर उलट सांगता, परवानाच नको.

मामा : बरं, काढला वायरमनचा परवाना. मग टेस्ट रिपोर्टवर माझी सही चालेल?

भाची : ... नाही. ठेकेदाराचीच लागेल.

मामा : बघ!

या ‘बघ’मध्ये दम आहे. वायरमनचा परवाना काम करण्याचा, देखरेखीखाली काम करण्याचा. जबाबदारीची सही ठेकेदाराची, त्याच्यासाठी वेगळी अनुज्ञप्ती, उपकरणं, सगळा संसार. खेड्यात एकट्या माणसाला हे तीन मजले चढणं शक्य नसतं. मग तो पहिला मजलाही चढत नाही. नियमात आणखी एक कलम आहे, जे वाचून मी थोडा हसलो: परवानाधारकाविना केलेलं काम वीजपुरवठ्याला जोडूच नये, असं त्यात म्हटलं आहे. मामाला ते सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मग अर्ध्या तालुक्याची लाइट काढावी लागेल.’

झिरो वायरमनचा विषय भाचीनं काढला. शहरी वाचकांसाठी सांगतो: वीज कंपनीचा लाइनमन वेळेवर येत नाही म्हणून खेड्यात एखादा धाडसी पोरगा डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज टाकणं, तुटलेली तार जोडणं, खांबावर चढणं ही कामं करतो. गावकरी त्याला कामामागं काही देतात. कुणाच्याच पगारपत्रकात तो नसतो, म्हणून झिरो.

भाची : माझ्या वर्गातल्या एकाच्या गावात असा एक होता. भर पावसात मोटारीची लाइन गेली म्हणून शेतकऱ्यांनी बोलावला. फीडर बंद आहे, तारेत वीज नाही, असं फोनवर कुणीतरी सांगितलं. तो चढला. फीडर बंद नव्हता. आणि मग सगळ्यांनी सांगितलं, तो आपल्या मनानं चढला. त्याच्या आईला कुठल्या दारात जायचं ते कळलं नाही. कागदावर तो त्या खांबावर नव्हताच.

मामा : आणि लाइनमन? एकाच्या गळ्यात तीन-तीन गावं. त्याला फोन लागत नाही, लागला तर तो दुसऱ्या खांबावर. पीक जळतंय, माणूस कुणाला बोलावणार? तुझा परवाना पीक वाचवतो का?

भाची : भरती करा म्हणा मग. विद्युत सहाय्यकाच्या जागा निघाल्या की आमची वीजतंत्रीची आणि तारतंत्रीची सगळी पोरं रांगेत असतात. शिकलेले हात रिकामे बसलेत आणि न शिकलेला पोरगा खांबावर जातोय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल काढतो. विजेच्या धक्क्यानं गेलेल्यांचा आकडा त्यात दहा हजारांच्या वर असतो. एका वर्षाचा, एका देशाचा. त्यात वायरिंग कुणी केलं होतं, खांबावर कुणी पाठवलं होतं, हे सांगणारा रकाना नसतो.

परवान्याच्या परीक्षेवर दोघांचं फार लांबलं नाही. आयटीआय झालेल्यांची वाट सोपी, प्रमाणपत्राच्या जोरावर. हातानं शिकलेल्यांसाठी राज्याच्या अनुज्ञापक मंडळाची परीक्षा आणि त्याआधी अनुभवाचा दाखला. दाखला कुणी द्यायचा, तर ज्या ठेकेदाराकडं राबलो त्यानं. ‘तो म्हणतो, तू परवाना काढलास तर माझ्याकडं कशाला राहशील?’ हे मामाचं तरुणपणचं दुखणं. पुढं त्यानं नादच सोडला.

मामा : माझ्या जोडीचा एक सौदीला गेला. मुंबईत एजंटाकडं ट्रेड टेस्ट झाली. पुढ्यात स्टार-डेल्टा स्टार्टर ठेवला, म्हणाले, जोड. त्यानं जोडला, मोटर फिरवून दाखवली. घेतलं त्याला. तशी परीक्षा घ्या की. मला पेनानं ओहमचा नियम लिहायला लावू नका.

भाची : लिहू नका. तोंडी सांगा. मराठीत सांगा, इथं ओट्यावर सांगा. पण दिवा पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं सांगितलंत तर मी नापास करीन.

मामा : आणि मातीच्या भिंतीत पाइप घातलास तर मी तुला.

दोघंही हसले, पण हा विनोद मला सरकारनं मनावर घ्यावासा वाटतो. अशी परीक्षा असायला काय हरकत आहे, जिथं मामासारख्याला जुन्या घरात नेऊन विचारावं, इथं वायर कुठून नेशील आणि का, मग हातात मेगर देऊन सांगावं, मोज, आणि हा आकडा काय म्हणतो ते सांग? पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याच्या योजना देशात आहेत, पण कौशल्याचं ते प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना ही दोन वेगळी दारं राहिली आहेत. एकातून आत गेलेला दुसऱ्याबाहेर उभाच.

माझा कौल विचाराल तर तो भाचीच्या बाजूनं आहे, पण तिनं पहिल्या दिवशी मांडलेल्या मुद्द्यासाठी नव्हे. ओहमचा हिशेब मामाला अर्ध्या तासात शिकवता येतो, तिनं शिकवलाही. आता तो आरसीसीबी स्वतःहून सुचवतो आणि वर ‘भाची म्हणते’ असं जोडतो. कौल तिच्या बाजूनं आहे तो झिरो वायरमनसाठी आणि तिच्या स्वतःसाठी. बिनपरवाना धंद्यात चांगल्या कारागिराचं फारसं बिघडत नाही. मरण होतं ते नवख्याचं, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं. ‘फीडर बंद असल्याचं लेखी दाखवा, नाहीतर चढत नाही’ एवढं म्हणायची ताकद ज्या कागदानं येते, तो कागद त्या पोराच्या खिशात हवा होता. मामाचं एक म्हणणं मात्र मी पुसू शकत नाही: जोवर टेस्ट रिपोर्ट फोनवर मिळतो, तोवर परवान्याची इज्जत कुठल्याही परीक्षेनं वाढणार नाही. सही विकणाऱ्या ठेकेदाराची अनुज्ञप्ती रद्द झाल्याची बातमी गावात पोचेल, त्या दिवशी मामा अर्ज भरेल, असा माझा अंदाज आहे.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करावं. घराचं वायरिंग करून घ्याल तेव्हा टेस्ट रिपोर्ट घरपोच मागवू नका. ठेकेदारालाच मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन बोलवा आणि आकडे तुमच्या समोर कागदावर चढू द्या. त्याच्या येण्याचे पैसे मागितले तर द्या, ते सहीच्या पैशांपेक्षा सत्कारणी लागतील. आरसीसीबी पडते म्हणून वायरमनला ती काढून टाकायला सांगू नका. आणि भिंतीत वायर ओढणाऱ्याला परवाना आहे का, हे विचाराच. नाही म्हणाला आणि माणूस कामाचा असला, तर त्याला हाकलू नका. परीक्षेला जायच्या दिवसाची मजुरी तुमच्याकडून घे, असं त्याला सांगा.